रीफ टँकसाठी अल्कलिनिटी टेस्टचं द्रावण घरी बनवताना

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता. रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या टाकीच्या, पाण्यात दर्शकाचा रंग बदलेपर्यंत आम्ल सोडायचं; जितकं आम्ल लागेल तितकी अल्कलिनिटी. तिच्या टेस्ट किटमध्ये तीनच गोष्टी असतात: पातळ आम्ल, रंग बदलणारा दर्शक आणि सिरिंज. तिन्ही घरी जमतात. आम्ल पातळ करणं सोपं आहे. ते नेमकं किती तीव्र झालं हे ठरवणं हेच खरं काम, आणि घरगुती टेस्ट फसते ती बहुतेक वेळा तिथेच. (अल्कलिनिटीला पुस्तकी मराठीत ‘क्षारता’ म्हणतात, पण पाण्याच्या खारटपणालाही तोच शब्द चालतो. घोळ नको म्हणून इथे अल्कलिनिटीच.)

हिशोब आधी

टँकवाले अल्कलिनिटी डीकेएच (dKH) या एककात मोजतात, रसायनशास्त्रात ती मिलिइक्विव्हॅलंटमध्ये सांगतात. १ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर म्हणजे २.८ डीकेएच. समुद्राच्या पाण्यात साधारण ६.५ डीकेएच असतात, रीफ टँक बहुधा ७ ते ११ च्या दरम्यान ठेवतात. टँकचं १० मिली पाणी घेतलं आणि आम्ल ०.०३५७ नॉर्मल (हे आम्लाच्या तीव्रतेचं एकक) असेल, तर ०.१ मिली आम्ल = १ डीकेएच. १ मिलीच्या सिरिंजवर ०.०१ मिलीच्या रेघा असतात, म्हणजे एक रेघ ०.१ डीकेएच. वाचायला याहून सोयीचं काही नाही.

आम्ल

प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल तयार मिळतं. त्यातलं ३५७ मिली घेऊन डिस्टिल्ड किंवा आरओ-डीआय (फिल्टरने क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याने एकूण १ लिटर करा. १०० मिलीच हवं असेल तर ३५.७ मिली. नळाचं पाणी इथे चालत नाही, कारण त्यात स्वतःची अल्कलिनिटी असते आणि ती तुमचं आम्ल आधीच खाऊन टाकते.

फक्त संहत आम्ल (३५ ते ३७ टक्के) मिळत असेल, तर १ लिटर पाण्यात सुमारे ३ मिली. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी हवी, आणि जवळपास ब्लीच ठेवू नका, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. खरं सांगायचं तर एवढ्याशा कामासाठी धूर सोडणारी बाटली घरात आणू नये. तयार ०.१ नॉर्मलच बरं.

दर्शक

ब्रोमोक्रेसॉल ग्रीन १०० मिलिग्रॅम आणि मिथाइल रेड २० मिलिग्रॅम, ९५ टक्के इथाइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या १०० मिलीत विरघळवा. हे मिश्रण निळसर हिरव्यापासून करड्या छटेतून गुलाबीकडे जातं. नुसतं ब्रोमोक्रेसॉल ग्रीनही चालतं, पण त्यात निळा-हिरवा-पिवळा असा लांबट बदल होतो आणि कुठे थांबायचं यावर रोज नवा वाद. २० मिलिग्रॅम ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर नीट मोजता येत नाही. मात्र दर्शकाची तीव्रता थोडी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही, थेंब मात्र दर वेळी तेवढेच पडले पाहिजेत. दर्शक स्वतःही थोडं आम्लधर्मी असतं, त्यामुळे आज ३ आणि उद्या ६ थेंब टाकले तर आकडा हलतो. १० मिलीला ४ थेंब पुरतात.

प्रमाण द्रावण: इथे घाई नको

प्रमाण द्रावण म्हणजे अल्कलिनिटी आधीच ठाऊक असलेलं द्रावण; त्यावरूनच आपलं आम्ल किती तीव्र आहे ते कळतं. ३०० मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) १ लिटर पाण्यात म्हणजे बरोबर १० डीकेएच. ०.३० ग्रॅम घरच्या काट्यावर तोलायला गेलात तर एका अंकाच्या चुकीतच ३ टक्के जातात. म्हणून ३.०० ग्रॅम तोला, १ लिटर करा, म्हणजे १०० डीकेएचचं मूळ द्रावण तयार. त्यातलं १०० मिली पुन्हा १ लिटर केलं की १० डीकेएच.

खाण्याचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं. पाकीट ताजं हवं. ओला सोडा वजनात खोटं बोलतो, आणि गरम जागी राहिलेल्या सोड्याचं थोडं कार्बोनेट झालेलं असतं, त्यामुळे त्याच वजनात अल्कलिनिटी जास्त येते.

दुसऱ्या पातळीकरणात लिटरमागे ३५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइडही घाला. बरेच जण हे सोडून देतात. पण खाऱ्या पाण्यात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन गोड्या पाण्यापेक्षा कमी पीएचला रंग बदलतो, शिवाय समुद्री पाण्यातलं सल्फेटही थोडं आम्ल धरून ठेवतं. गोड्या पाण्यात जुळवलेली टेस्ट त्यामुळे टँकच्या पाण्यात ०.१ ते ०.२ डीकेएच जास्त दाखवू शकते. रंगाची छटाही दोन्हीकडे सारखी दिसली की डोळ्याला सोपं जातं. स्वयंपाकाचं मीठ टाळा. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात घातलेल्या पदार्थांमुळे कधी कधी स्वतःची अल्कलिनिटी येते. टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ तर मुळीच नको, त्यात अल्कलिनिटी मुद्दाम घातलेली असते.

जुळवणी

१. १० मिलीच्या सिरिंजने प्रमाण द्रावण शंकूपात्रात घ्या. खुणांचा कप नको. २ दशांश मिली इकडेतिकडे म्हणजे २ टक्के चूक.

२. दर्शकाचे ४ थेंब. खाली पांढरा कागद ठेवा.

३. १ मिलीची सिरिंज बुडबुडा न येऊ देता आम्लाने भरा आणि सतत हलवत थेंब थेंब सोडा. रंग करडा झाला की थांबून हलवत राहा. बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो निघून गेला की पीएच वर चढतो आणि निळी झाक परत येते. ३० सेकंद टिकणारा गुलाबी रंग हाच शेवट.

४. तीनदा करा. तीन आकड्यांत ०.०२ मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर हात अजून बसलेला नाही.

समजा सरासरी ०.९४ मिली आली. १० भागिले ०.९४, म्हणजे १ मिली आम्ल = १०.६४ डीकेएच. हा गुणक बाटलीवर लिहा. टँकच्या पाण्याला ०.७८ मिली लागलं तर ०.७८ × १०.६४ = ८.३ डीकेएच. आम्ल ०.०३५७ ऐवजी ०.०३८ नॉर्मल झालं म्हणून ते फेकायचं कारण नाही, गुणक ते सांभाळून घेतो.

पडताळा म्हणून प्रमाण द्रावणात त्याच्याइतकंच, फक्त मीठ घातलेलं डिस्टिल्ड पाणी मिसळून ५ डीकेएच करा. आम्ल निम्म्याच्या आसपास लागायला हवं. वरच्या उदाहरणात ०.४७ ऐवजी ०.४८ आलं तर ठीक. थोडं आम्ल रंग बदलण्यासाठीच खर्ची पडतं. ०.५५ आलं तर पाण्यात किंवा मिठात अल्कलिनिटी आहे. नुसत्या मीठ-पाण्याच्या १० मिलीत दर्शक घालून बघा: दोन-तीन छोट्या थेंबांत ते गुलाबी झालं पाहिजे.

आकडा कुठे घसरतो

सिरिंजचं टोक उघडं ठेवून थेंब सोडला तर तो साधारण ०.०४ मिलीचा पडतो, म्हणजे एका थेंबात ०.४ डीकेएच. बोथट टोकाची बारीक सुई किंवा प्लास्टिकची टिप लावा, थेंब ०.०१ च्या आसपास येतो. स्टीलची सुई काम झालं की धुऊन काढून ठेवा, आम्लात राहिली तर गंजते. इन्सुलिनची सिरिंज वापरत असाल तर खुणा आधी तपासा. यू-१०० वर एक युनिट ०.०१ मिली आहे, यू-४० वर ०.०२५.

गुलाबी झालेलं पाणी दोन-चार मिनिटांनी पुन्हा निळं होत असेल, पुन्हा आम्ल घातल्यावर पुन्हा तेच, तर नमुन्यात वाळूचा कण आहे. अ‍ॅरागोनाइटचा (टँकमधल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या वाळूचा) १ मिलिग्रॅमचा कण १० मिलीत पूर्ण विरघळला तर ५.६ डीकेएचची भर घालतो. पाणी वाळूपासून दूर, मधल्या थरातून घ्या. अल्कलिनिटीचा डोस नुकताच टाकला असेल तर मिसळायला वेळ द्या.

पीएच मीटर असेल तर रंगाची भानगडच नको: ४.०१ आणि ७.०० च्या बफरने (पीएच ठरलेल्या द्रावणांनी) मीटर लावून घ्या आणि दर वेळी ४.२ वर थांबा. गुणक मात्र मीटरसाठी वेगळा काढा.

साठवण

आम्ल काचेच्या किंवा एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) बाटलीत, बूच घट्ट. पाणी उडालं तर आम्ल तीव्र होतं आणि टेस्ट हळूहळू कमी आकडे दाखवू लागते. मग टँकमध्ये विनाकारण डोस वाढतो. दर्शक अंधारात ठेवा. मूळ १०० डीकेएच द्रावणातून कार्बन डायऑक्साइड गेला-आला तरी अल्कलिनिटी बदलत नाही, म्हणून ते टिकतं. गढूळ झालं की टाकून द्या. महिन्यातून एकदा, आणि अचानक विचित्र आकडा आला की त्याच दिवशी, डोसला हात लावण्याआधी प्रमाण द्रावण तपासा. तपासलेलं पाणी मोरीत टाका, टँकमध्ये परत नाही. बाटल्यांवर नाव, तीव्रता, तारीख आणि गुणक लिहा, आणि त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.