ओळख झालेल्या व्यक्तीचे नाव लक्षात कसे ठेवावे

नाव विसरलो असे आपण म्हणतो, परंतु बहुतेक वेळा ते नीट ऐकलेलेच नसते. ओळख करून दिली जात असताना आपले मन स्वतः काय बोलावे याच्या जुळवाजुळवीत गुंतलेले असते. म्हणून नाव कानावर पडताच ते उच्चारावे, अस्पष्ट वाटल्यास निःसंकोच पुन्हा विचारावे. ‘सागर’सारखे अर्थवाही नाव असेल, तर त्या व्यक्तीच्या कपाळावरच्या आठ्यांत मनाने लाटा पाहाव्यात, चित्र जितके विचित्र, तितके ते टिकते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे विस्मरणाचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, त्यामुळे भेटीनंतर काही मिनिटांनी, झोपण्यापूर्वी आणि दुसऱ्या दिवशी चेहरा डोळ्यांसमोर आणून नाव आठवावे, आणि अगदीच अडले तरच लिहून ठेवलेली नोंद पाहावी.