इंग्रजी क्रियापद 'बिस्पँगल' (bespangle) कधी वापरावे?

'स्पँगल' म्हणजे कपड्यावर शिवतात ती चमकती टिकली. त्याआधी 'बि' लागला की अर्थ होतो टिकल्यांनी मढवणे, चमचमत्या ठिपक्यांनी सजवणे. 'बिज्युएल', म्हणजे रत्नांनी मढवणे, यातही हाच 'बि' आहे. उच्चारात जोर 'स्पँ'वर येतो.

हे क्रियापद सकर्मक आहे आणि बहुतेक वेळा 'बिस्पँगल्ड विथ' याच रूपात भेटते: 'द लॉन वॉज बिस्पँगल्ड विथ ड्यू', म्हणजे हिरवळीवर दवाचे थेंब चमकत होते. नेमकी चूक इथेच होते. 'तारे लुकलुकतात' यासाठी 'द स्टार्स बिस्पँगल' असे म्हणून वाक्य संपवता येत नाही, कारण कर्म उरत नाही. तिथे 'ट्विंकल' हवे. ताऱ्यांनी आकाश मढवले, असे म्हणायचे असेल तर मात्र 'द स्टार्स बिस्पँगल द स्काय' बरोबर.

चमक बारीक आणि विखुरलेली हवी. एकच मोठा हिरा असेल तर हा शब्द शोभत नाही. 'बिडॅझल'शीही गल्लत नको, त्याचा मूळ अर्थ दिपवून टाकणे. शब्द काव्यात्म आहे. कार्यालयीन ईमेलमध्ये तो हास्यास्पद वाटेल. साध्या लेखनात टिकल्यांच्या ड्रेसला 'सीक्विन्ड' म्हणावे.