हळू आवाजात गायचंय? मग आधी माइक नीट धरा

आमच्या सांगलीत आता गल्लोगल्ली कराओके ग्रुप झालेत आणि प्रत्येक ग्रुपात एक तरी गडी असा असतोच की हातात माइक असूनसुद्धा रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं गातो. त्याची तरी काय चूक म्हणा, हे नाटकाचं गाव, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं ते इथंच, आणि पुढं संगीत नाटकांत माइकच नव्हता म्हणजे पार शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज फेकायलाच लागायचा.

तिकडं अमेरिकेतही तसंच होतं. मग १९२५ च्या आसपास इलेक्ट्रिक माइकवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि बिंग क्रॉस्बीसारखे लोक शेजारी बसून बोलल्यासारखे गायला लागले, त्यांना क्रूनर म्हणायचे. १९३२ ला बॉस्टनच्या कार्डिनलनी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बड्या धर्मगुरूंनी, या गाण्याला अनैतिक ठरवून झोडपलं होतं! आपल्याकडं तलत, हेमंतकुमार, मराठीत अरुण दाते ऐका, मला काय म्हणायचंय ते कळेल.

तर करायचं काय. एक ओळ घ्या, मी माझीच घेतो, "पाऊस थांबला तरी छत्री तुझी माझ्याकडंच राहिली". आधी गाऊ नका, समोर एकच माणूस बसलाय असं समजून नुसती बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा, मग त्याच आवाजात गा. बहुतेकांचा आवाज इथंच दुप्पट होतो, ऐकल्यावर स्वतःलाच हसू येईल.

श्वास "तरी" नंतर घ्या, "छत्री" नंतर घेतला तर अर्थ तुटतो. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा म्हणे त्याच्या बँडचा मालक टॉमी डॉर्सी याचं ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवणं बघून लांब श्वास शिकला, आपल्याला तेवढं नको, ओळ संपेपर्यंत पुरला तरी बास. आणि हळू म्हणजे पोकळ नव्हे. "राहिली" मधल्या "ली" वर नुसती हवा सोडली की सूर हमखास खाली येतो, तिथं पोट आत धरून स्वर टिकवायचा. रोज दहा मिनिटं तंबोरा लावून तोंड मिटून एकच स्वर हळू धरा (मिरजेत तंबोरे बनतात आणि आपण ॲपवर लावतो, असो). पट्टी जमत नसेल तर ट्रॅक दोन सूर खाली घ्या, त्यात कसली आलीय लाज. आणि तलतची ती थरथर उचलू नका, ती त्याच्या गळ्यातलीच होती, आपण केली की थंडी वाजल्यासारखी वाटते.

आता माइक, खरी गंमत इथंच आहे. स्टेजवरचा नेहमीचा माइक ओठापासून दोन-तीन बोटांवर आणला की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, फुकटात आवाज भारदस्त. पण एवढ्या जवळ "पाऊस" चा प फट्टकन आदळतो, म्हणून माइक नाकासमोर सरळ न धरता जरा गालाच्या बाजूनं तिरका धरा. वरचा सूर आला की वीतभर लांब न्या, परत खाली आलात की जवळ. जाळी मुठीत झाकू नका, शिट्टी वाजते.

साउंडवाल्याला आधीच सांगा की एको कमी ठेव. आमच्या एका कोजागरीला त्यानं एको फुल्ल केला होता, मी हळू गात होतो आणि लोकांना वाटलं कोणतरी विहिरीत पडलाय.

राहता राहिलं खाणं. कोमट पाणी प्या, आणि भडंग कार्यक्रम झाल्यावर खा. मी एकदा आधी खाल्लं, दुसऱ्या कडव्याला ठसका लागला, आणि माइक ओठापासून दोन बोटांवर होता त्यामुळं अख्ख्या गाण्यात सगळ्यात भारदस्त तो ठसकाच ऐकू आला.