दोन भाषांत ब्लूज गायचाय? सांगली-मिरजेतल्या गाणाऱ्यांसाठी

जत, मिरज साइडला बऱ्याच घरांत आज्जीशी कानडी आणि बाकी सगळ्यांशी मराठी असंच चालतं, आणि तरी आपल्यातलं कुणी ब्लूज किंवा जॅझ गायला उभं राहिलं की सगळं इंग्लिशमधनं, ते पण ऐकून पाठ केलेलं. ज्यांना घरातल्या दोन्ही भाषा घेऊन गायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधी अकेडियन गाणाऱ्यांकडं बघा, त्यांनी हे काम फार मनापासनं केलंय.

हे लोक मूळचे फ्रेंच, सतराव्या शतकात आत्ताच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकच्या भागात येऊन शेती करणारे. 1755 पासनं ब्रिटिशांनी त्यांना घरादारातनं उचलून जहाजात भरलं आणि लांब लांब नेऊन सोडलं, कुटुंबं फुटली, त्यातले बरेच पुढं आत्ताच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानात पोचले आणि तिथं त्यांना केजन म्हणायला लागले. तिथं पण 1921 च्या राज्यघटनेनं शाळेतनं फ्रेंच हद्दपार केली, पोरांना घरची भाषा बोलली म्हणून शिक्षा व्हायच्या. कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्या नातवंडांना यातलं बरंच न सांगता कळेल.

ऐकायला सुरुवात कुठनं करायची? आमेदे आरद्वां. हा लुइझियानाचा कृष्णवर्णीय क्रिओल, म्हणजे तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या समाजातला माणूस, अकेडियन वंशाचा नव्हे, पण केजन संगीताचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या काही जणांत येतं. अकॉर्डियन वाजवत फ्रेंचमध्ये असा काही ब्लूज गायचा की शब्द न कळता पण पोटात कालवतं, 1929 मध्ये डेनिस मगी या फिडलवाल्याबरोबर त्याच्या रेकॉर्ड झाल्या. त्याच्या एक वर्ष आधी, 1928 ला, जो फॉल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची पहिली केजन रेकॉर्ड आली, त्यात गिटार क्लिओमाचं आहे. आजच्यातले लुइझियानाचा झॅकरी रिचर्ड आणि न्यू ब्रन्सविकची बॅन्जोवाली लीसा लब्लांक ऐका, दोघं फ्रेंच आणि इंग्लिश दोन्हीत गातात.

आता तुमचं गाणं. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, एका भाषेतली ओळ दुसरीत परत सांगत बसू नका. कडवं मराठीत, मग तेच कानडीत, असं केलं की गाणं तिथंच मरतं. ओळ कुणाला उद्देशून आहे ते ठरवा, त्या माणसाशी तुम्ही ज्या भाषेत बोलता तीच त्या ओळीची भाषा. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं, पहिली ओळ, तीच परत, आणि तिसरीत उत्तर. भाषा बदलायला तिसरी ओळ सगळ्यात चांगली, कारण तोपर्यंत ऐकणारा वाट बघायला लागलेला असतो. उदाहरणार्थ हे बघा,

कृष्णेचं पाणी चढलं, आज्जी उंबऱ्यातच बसली
कृष्णेचं पाणी चढलं, आज्जी उंबऱ्यातच बसली
अव्वा, वळगं बा म्हणलं, तर नुसतीच हसली

(वळगं बा म्हणजे आत ये.) 2019 चा पूर बघितलेल्या माणसाला यापुढं काही सांगायला लागत नाही.

ताल. ब्लूजच्या एका कडव्याला बारा बार, म्हणजे मात्रांचे बारा गट, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस, म्हणजे त्रितालाची बरोब्बर तीन आवर्तनं, एका ओळीला एक. तबलेवाला मित्र असेल तर त्याला एवढंच सांगा, तो लगेच धरतो. फक्त ठेका सरळ ठेवायचा नाही, प्रत्येक मात्रेचे तीन भाग मनात धरून झुलवायचा, त्यालाच शफल म्हणतात. आणि सगळं आवर्तन शब्दांनी भरू नका! ओळ साधारण अडीच बारात संपवा, उरलेल्या जागेत पेटी किंवा गिटार उत्तर देईल, ती जागा त्यांची आहे.

पेटीवर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, अशा, पहिल्या चार बारला सा, पाच-सहाला म, सात-आठला परत सा, नववा प, दहावा म, शेवटचे दोन सा, आणि बाराव्याच्या शेवटी प ला हात लावून पुढच्या फेरीत शिरायचं. सा च्या कॉर्डमध्ये सा ग प आणि कोमल नी घ्या, कोमल नीशिवाय ती ब्लूजची वाटतच नाही.

गळ्याचं म्हणाल तर आपल्याकडं शिकलेल्यांचं निम्मं काम झालेलं असतं. धानी रागाचे पाच स्वर घ्या, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, त्यात जाता जाता तीव्र म लावा, ब्लूजची स्केल तयार. पेटीवर शुद्ध ग वाजत असताना गळ्यात कोमल ग ठेवायचा आणि हळू मींड घेत वर सरकायचं, जोग रागातले दोन गंधार गायलेत त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. पण ताना नकोत, प्लीज. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत वाढलेल्यांना एका स्वरावर थांबून रडवता येतं हे मी का सांगावं. आणि तानपुरा सुरुवातीच्या आलापीपुरताच, कारण प ची कॉर्ड आली की खालचा सा तिच्याशी भांडतो, म्हणून बारा बार सुरू झाले की बंद करा.

एखादं अकेडियन फ्रेंच गाणं घ्यायचं असेल तर घाबरू नका. पॅरिसवाल्यांचा घशातला र इथं लागत नाही, जुन्या अकेडियन आणि केजन बोलीत र जिभेच्या टोकानंच म्हणतात, म्हणजे आपला घरचाच र. पण शब्द ऐकून ऐकून बसवा, नुसतं वाचून गाऊ नका, आणि गाणं कुणाचं आहे ते स्टेजवर नाव घेऊन सांगा.

कार्यक्रमाला तारीख शोधत असाल तर 15 ऑगस्ट बघा. 1881 पासनं तो अकेडियन लोकांचा पण राष्ट्रीय दिवस आहे, त्या दिवशी ते भांडी बडवत रस्त्यावर उतरतात, आम्ही अजून आहोत हे सांगायला. सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी कुठल्यातरी छोट्या हॉलमध्ये तासाभराचा कार्यक्रम, मस्त जमेल. दोन गाण्यांच्या मध्ये दोनच वाक्यं बोला, कडव्यांचा अर्थ सांगत बसू नका.

आणि संपवताना शेवटची ओळ तीनदा घ्या, जॅझ-ब्लूजवाले सर्रास असंच संपवतात, आपल्या तबलेवाल्याला तर ती तिहाईच वाटेल आणि तो समेवर बरोबर तुमच्यासोबत येईल.