गाय-म्हैस घेताना दात कसे पाहावेत

गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे भागातला शेतकरी घाटापलीकडून म्हैस आणायला जातो तेव्हा विकणारा वय सांगत नाही, वेत (कितव्यांदा व्याली ते) सांगतो: 'दुसऱ्या वेताची आहे.' ते पडताळायचे तर खालचे पुढचे आठ दात पाहावेत. वरच्या जबड्याला पुढे दात नसतात, नुसती कडक गादी असते.

जनावर आखूड बांधून बाजूला, मानेला लागून उभे राहावे. समोर उभे राहिल्यास शिंग लागते. वेसण असेल तर ती धरावी, नसेल तर अंगठा आणि बोट नाकपुड्यांत घालून मधला पडदा पकडावा व तोंड थोडे वर करावे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढला की दात दिसतात. आत दाढांपर्यंत बोटे नेऊ नयेत. जनावराची लाळ गळत असेल, गिळता येत नसेल तर तोंडाला हातच लावू नये. ते रेबीजचेही लक्षण असू शकते. तोंडात फोड दिसले तर लाळ्या-खुरकूत समजून तसेच बाहेर यावे आणि हात, चपला धुतल्याशिवाय आपल्या गोठ्यात जाऊ नये.

दुधाचा दात लहान, पांढरा, अरुंद असतो. कायमचा दात रुंद, पिवळसर आणि फावड्यासारखा. कायमचे दात मधल्या जोडीपासून बाहेरच्या बाजूला येत जातात. संकरित गाय साधारण 2 वर्षांची असताना दोन दाती होते, अडीचला चार दाती, तीन-साडेतीनला सहा दाती आणि 4 च्या आसपास जुळते, म्हणजे आठही कायमचे दात पूर्ण येतात. श्वेतकपिलेसारखी गावठी गाय काही महिने मागे असते. म्हशीची पहिली जोडी अडीच ते तीन वर्षांत येते आणि जुळायला 5 वर्षे लागतात. एका बाजूचा दात आला आणि दुसरा अजून हिरडीतच आहे, असे दिसले तर जोडी नुकतीच बदलते आहे. तिथली फट म्हणजे म्हातारपण नव्हे. गुरांचे पुढचे दात मुळातच किंचित हलतात, त्यावरूनही वय ठरवू नये.

जुळल्यानंतर झीज पाहायची. मधल्या जोडीची धार आधी सपाट होते, मग एकेक बाहेरची जोडी. गाय 9-10 वर्षांची झाली की आठही दात सपाट झालेले असतात. पुढे दात आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात, मुळे दिसू लागतात. इथे मात्र एक-दोन वर्षांची चूक धरूनच चालावे: डोंगरउतारावर मातीसकट आखूड गवत खुडणाऱ्या गुराचे दात गोठ्यात वैरण खाणाऱ्यापेक्षा लवकर झिजतात.

आता वेताचा हिशेब. म्हैस पहिल्यांदा साडेतीन-चार वर्षांची असताना व्याते, पुढचे वेत सव्वा-दीड वर्षाने. म्हणजे खरोखर दुसऱ्या वेताची म्हैस नुकती जुळलेली आणि धारदार दातांची हवी. मधल्या दोन्ही जोड्या सपाट दिसल्या तर ती त्याहून बरीच पुढची आहे. मग किंमत त्याप्रमाणे बोलावी, नाहीतर सोडून द्यावी. उरलेली वेते कमी म्हणजे दुधाची वर्षेही कमी.

शिंगांची वलये मोजून 2 मिळवण्याची रीत गाईपुरती अंदाजाला ठीक आहे. पण शिंगे घासून तेल लावली की वलये पुसली जातात, आणि मुऱ्हा जातीच्या म्हशीच्या वळलेल्या शिंगावर ती मोजताच येत नाहीत. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक लिहून घ्यावा आणि पैसे देण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची नोंद तपासून घ्यावी. मात्र तिथले वयही बहुधा मालकानेच सांगितलेले असते, म्हणून ते दातांशी जुळते का ते बघावे.