बेडकांचं टबातलं तळं: पिल्लं बुडत होती, ते असं थांबवलं
बागेत जुना प्लास्टिकचा टब काठापर्यंत जमिनीत पुरून बेडकांसाठी छोटं तळं केलं होतं. नळाचं पाणी आधी २ दिवस उघड्या बादल्यांत ठेवलं, क्लोरीन उडून जावं म्हणून. बेडूक आपणहून आले, अंडी घातली, पिल्लं झाली, सगळं मस्त चाललं होतं आणि मग पिल्लांना पुढचे पाय फुटायला लागले तशी रोज सकाळी एक-दोन मेलेली दिसायला लागली. फार वाईट वाटायचं.

आधी वाटलं पाणी खराब झालं, अर्धं बदललं, काही फरक नाही. मग एका संध्याकाळी नुसतं बसून बघितलं तर नखाएवढं पिल्लू, शेपूट अजून तशीच, टबाच्या गुळगुळीत भिंतीवर चढतंय, घसरतंय, परत चढतंय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, या काळात त्यांचे कल्ले जिरत असतात, हवेत श्वास घ्यावा लागतो, बाहेर पडता आलं नाही तर बेडकाचं पिल्लूसुद्धा बुडतं!

लगेच एका बाजूला विटांचे तुकडे आणि खडबडीत दगड रचून तळापासून काठापर्यंत उतार केला, काठाला सावलीसाठी पालापाचोळा. दगड हलत नाहीत ना ते हाताने दाबून बघा, नाहीतर पिल्लं खाली चिरडतात. त्यानंतर एकही बुडालं नाही.

शेपूट जिरेपर्यंत ती काही खात नाहीत, दगडावर नुसती बसलेली दिसली तर घाबरू नका. आणि डासांसाठी म्हणून मासे सोडू नका प्लीज, ते अंडी-पिल्लं खाऊन टाकतात.