थायलंडची शिक्षकी सोडून लाओसला निघताना

राजीनाम्याआधी कॅलेंडर उघडा. मी बँकॉकजवळ तीन वर्षं गणित शिकवलं, आणि नोकरी संपली की व्हिसाही त्याच दिवशी संपतो हे मला आठवडाभर आधी कळलं! इमिग्रेशनमध्ये १,९०० बाट भरून सात दिवस मागता येतात, पण शाळेशी बोलून कागदावरची शेवटची तारीख प्रवासाच्या दिवसाचीच घेतलेली बरी.

नोंग खायहून मेकाँगवरचा पूल ओलांडला की लाओस. व्हिसासाठी डॉलरच्या कोऱ्या नोटा ठेवा. माझी मुडपलेली वीसची नोट काउंटरवरून परत आली.

लाओसमधल्या लुआंग प्राबांगला पहाटे भिक्षेसाठी भिक्खूंची रांग निघते. भात वाढायचा असेल तर चपला काढून चटईवर गुडघे टेकून बसा, खांदे झाकलेले हवेत. चिकट भाताचा लहानसा गोळा पात्रात टाकायचा. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. मी गोळा टाकायला गेले तर तो बोटांनाच चिकटला, रांग खोळंबली. शेजारच्या आजींनी न बोलता माझी बोटं पुसून दिली. वाढायचं नसेल तर लांब उभे राहा, फ्लॅश बंद.

शाकाहारी असाल तर ‘किन जे’ म्हणा, तरी माशाच्या सॉसबद्दल वेगळं विचाराच.